आधी माणसं पाहा, मग गाणी काढ

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी पोचली. वाचनालयाच्या ओट्यावर दर रविवारी दिवेलागणीनंतर गावाला गाणी ऐकवायची, हा बेत मला फार आवडला. यादी आवडली नाही. गाणी चांगली आहेत, निम्मी माझ्याही पेटीत निघतील. पण भीमसेन जोशींचा अभंग, त्याला लागून कोरियन पोरांचं नाचाचं गाणं, मग झाडीपट्टीतली नाचगाण्याची दंडार, मग इंग्रजी रॉक, मग गझल, अशी ती वाचत गेलो आणि ओट्यावर बसलेलं माणूस मला कुठंच दिसेना. तूच दिसत राहिलीस. आपण काय काय ऐकतो हे लोकांना कळावं असं तुझ्या वयात वाटणारच. एका रविवारी लोक ते कौतुकानं ऐकतीलही. दुसऱ्या रविवारी शेतात जागलीला जातील.

मी ऐन उमेदीतली वर्षं भोंगा आणि मशीन घेऊन लग्नांत, जत्रांत, गणपतीत काढली हे तुला ठाऊक आहे. लग्नात रेकॉर्ड लावणाऱ्याचं लक्ष रेकॉर्डवर कमी आणि मांडवावर जास्त असतं. पंगत बसली का, वरात पारापाशी अडली का, नवरीची माय कुठे डोळे पुसत उभी आहे, हे बघून हात डब्यात जायचा. स्वतःच्या आवडीची वेळ पहाटेची. पाहुणे झोपलेले, आचारी भट्टी पेटवतोय, पाणी भरणारे दोन गडी तेवढे जागे. तेव्हा आवाज बारीक करून मी मला हवं ते लावायचो, कव्वाली म्हण, नाट्यपद म्हण. त्यातला एक आचारी पुढे वसंतराव देशपांड्यांचा असा भक्त झाला, की लग्नाची सुपारी घेतली की आधी मला विचारायचा, "ते रेकॉर्ड आणशीन ना बावा?" वसंतराव आपल्याच मुलखातले, जन्म १९२० सालचा, मूर्तिजापूरचा, आणि बरीच वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत करत ते गायले, हे मी त्याला पुष्कळ उशिरा सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तो गाण्याऐवजी माझंच ऐकत बसला असता.

हे तुझ्यासाठी मुद्दाम सांगतोय. तू प्रत्येक गाण्यापुढे चार-चार ओळींची माहिती लिहिली आहेस. ती पाठ कर आणि खिशात ठेव. गाण्याआधी दोन वाक्यं पुरतात. बाकीचं, कुणी विचारलं तर.

एका बैठकीला सहा-सात गाणी घे, जास्त नकोत. पाच ओळखीची किंवा ओळखीच्या वळणाची, आणि अगदी अनोळखी एखादंच. ते अनोळखी गाणं पहिलं ठेवू नकोस, लोक तेव्हा चपला काढत असतात आणि जागा धरत असतात. शेवटीही नको. ते झाल्यावर त्यावर बोलायला माणसं बसलेली हवीत. चौथ्या-पाचव्या जागी बरं पडतं.

आता अनोळखी म्हणजे कसं, ते सांगतो. तुझ्या यादीत मडी वॉटर्स आहे. नाव बघून मला आनंद झाला, पण तू त्याला दोन इंग्रजी गाण्यांच्या मधे चेपून टाकलंयस. त्याची जागा तिथे नाही. आपल्या गावात कापूस न वेचलेलं माणूस सापडणं कठीण, आणि हा माणूस कापसाच्या वावरातला. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात एका मोठ्या मालकाच्या शेतावर तो ट्रॅक्टर चालवायचा. १९४१ साली ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे दोघे लोकगीतं गोळा करत तिथे पोचले. मोठं जड यंत्र, तबकडीवर थेट आवाज कोरणारं. त्याच्या झोपडीत त्यांनी त्याचं गाणं घेतलं आणि तिथेच त्याला परत ऐकवलं. नंतर तबकडीच्या प्रती टपालानं धाडल्या. १९४३ साली गडी शेत सोडून शिकागोला गेला आणि पुढे विजेच्या गिटारवर जगभर गाजला. तू जे गाणं निवडलंयस ते त्या नंतरच्या काळातलं, विजेच्या गिटारचं. ते ठेव बाजूला. १९४१ चं लाव. एकटा आवाज, एकटी गिटार, तारेवरून काहीतरी घासत नेल्यासारखा सूर. आपल्याकडे एकतारीवर म्हणणारा माणूस ज्यांनी ऐकलाय त्यांना ते परकं वाटणार नाही.

पण त्याआधी एक कर. वेचणीला जाणाऱ्या बायांपैकी कुणाला तरी ओट्यावर बसव आणि निंदणाच्या वेळचं, वेचणीच्या वेळचं गाणं म्हणायला लाव. लाजतील, पदर तोंडाला लावतील, मग एक सुरू करेल आणि चौघी धरतील. ते झालं की लगेच मडी वॉटर्स. मधे फक्त एवढंच सांग, की हाही कापसाच्या वावरातला आहे.

ही जोडणी मी ओढूनताणून केलेली नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीवर आली. पुढे आगगाडी, सरकी काढणारी जिनं, अमरावतीचा बाजार, आपली शकुंतला गाडी, सगळं त्या कापसामागून आलं. मिसिसिपीतल्या वावरात पेटलेल्या भांडणाची झळ, म्हण किंवा कमाई म्हण, आपल्या आजा-पणजापर्यंत पोचलेली आहे. हे मात्र गाण्याआधी सांगत बसू नकोस हं. चहाच्या वेळी एखादा पोट्टा विचारेल, "ताई, त्या माणसाचं अन् आपलं काय?" तेव्हा सांग.

त्याच युद्धानं इजिप्तच्या कापसालाही भाव आणला होता. म्हणून मी माझ्या कॅसेटींमध्ये तिथल्या गायिकेला, उम कुलसुमला, मडी वॉटर्सच्या शेजारीच ठेवतो. नाईल नदीच्या मुखाकडच्या गावातली पोरगी, बाप मशिदीचा इमाम, लहानपणी मुलाच्या वेशात बापासोबत धार्मिक गाणी म्हणत फिरलेली. पुढे कित्येक वर्षं दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री तिचं गाणं रेडिओवर लागायचं आणि अरबी बोलणारा मुलूख कामं आटोपून बसायचा. १९७५ साली ती गेली. तिची गाणी तासतासभराची असतात. एकच ओळ ती पाच वेळा, सात वेळा घेते, दर वेळी वेगळी, आणि समोरचे लोक ओरडून पुन्हा मागतात. शब्द कळणार नाहीत, मलाही कळत नाहीत. पण नागपूरला ताजबागेत ताजुद्दीन बाबांच्या उर्सात रात्रभर कव्वाली ऐकून आलेले चाचालोक आपल्या मोहल्ल्यात आहेत. त्यांना पुढे बसव. ओळ फिरवून फिरवून कशी येते हे त्यांना आपोआप कळेल आणि बाकीचे त्यांच्या माना बघून ऐकतील. दहा मिनिटं लाव आणि आवाज हळूहळू कमी करत बंद कर. मधेच खटकन तोडू नकोस.

तिसरा गडी आफ्रिकेतल्या माली देशाचा, अली फरका तुरे. मालीत कापूस पिकतो तो देशाच्या दक्षिणेला. याचं गाव उत्तरेकडे, नायजर नदीच्या काठी, भातशेतीचं. जगभर नाव झाल्यावरही तो आपल्याला आधी शेतकरीच म्हणवून घ्यायचा आणि खरोखर शेती करायचा. १९९९ साली निघालेला त्याचा संग्रह गावातच ध्वनिमुद्रित झाला, आणि संग्रहाला नावही गावाचंच, नियाफुंके. हे गाणं तरण्या शेतकरी पोरांना ऐकव. गावात राहून काही होत नाही असं जे उठता-बसता म्हणतात ना, त्यांना. मात्र तिघेही एकाच रविवारी नकोत. एका बैठकीला एक पाहुणा.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. तू लिहिलंयस, बौद्धपुऱ्यातली माणसंही ओट्यावर यावीत. आणि यादीत भीमगीत एकही नाही. कोरिया आहे, आयर्लंड आहे, वामनदादा कर्डक नाहीत. वामनदादा मूळचे सिन्नरकडचे, १९२२ ते २००४ असा काळ. त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी बांधली आणि गायली. आपल्या भागात त्यांची गाणी ज्यांना तोंडपाठ नाहीत अशी घरं त्या वस्तीत थोडीच. मी दीक्षाभूमीला गेलो की पुस्तकांच्या दुकानांशेजारी कॅसेटींचे गाळे लागायचे तिथून घेऊन यायचो. माझ्या पेटीतला तो कप्पा सगळ्यात झिजलेला आहे. आणि भीमगीत घेशील तर ते 'आता त्यांच्यासाठी एक' असं म्हणून शेवटी चिकटवू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या जागी, चांगल्या जागी लाव, आणि गाण्याबद्दल जे बोलतेस तेच बोल: चाल कशी आहे, शब्द कसे नेमके बसलेत, ढोलकी कुठे उचलते.

दीक्षेच्याच सालचा, १९५६ चा, आणखी एक आवाज माझ्याकडे आहे, गाडगेबाबांचा. त्या वर्षी नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्यात त्यांचं कीर्तन झालं, ते ध्वनिमुद्रित झालेलं आहे. डिसेंबरात बाबा गेले. अमरावतीजवळ, वाटेतच. या कीर्तनाला संग्रहात गाणं म्हणून धरायचं की नाही असं तू विचारशील. मी धरतो. ते वऱ्हाडीत बोलतात, लोकांना प्रश्न विचारतात, लोकांकडून उत्तर काढून घेतात, आणि मधेच गोपाला गोपाला सुरू होतं. पोरांना मौज वाटते ती ही, की एवढा मोठा माणूस आपल्या आज्यासारखं बोलतो. शाळेत ज्या बोलीवरून त्यांना हसतात, तीच बोली हा म्हातारा मुंबईत बसून बोलतोय आणि मुंबई ऐकतेय. लहान पोरं असतील त्या रविवारी हेच लाव, बाकी सगळं कमी कर. आणि गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना ज्या घरांतून होते ती माणसं प्रार्थना आटोपूनच येतील, तेव्हा वेळ त्या हिशेबानं ठेव. तुकडोजी महाराजांची खंजिरीची भजनं त्यांच्यापैकीच कुणाकडून तरी प्रत्यक्ष म्हणवून घे. खंजिरी समोर वाजली पाहिजे, स्पीकरमधून तिचा ठसका अर्धा होतो.

दंडार यादीतून काढून टाक. दंडार डोळ्यांनी ऐकायची असते. झाडीपट्टीकडे, म्हणजे पूर्व विदर्भात, शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतीच्या, दिवशी रात्री नाटक लागतं ते बघून ये एकदा, दिवाळीनंतर. ब्रह्मपुरीकडे नाही तर वडशाला जा. मग ओट्यावर काय लावायचं ते ठरव.

सुरेश भटांची गझल ठेवलीस ते योग्यच. अमरावतीचा माणूस. पण तू निवडलेली तिन्ही गाणी दुःखाची आहेत. सोयाबीनचे भाव बघून आलेल्या माणसांपुढे लागोपाठ तीन? एक ठेव. आणि बप्पी लाहिरींवर तू फुली मारलीस ती पुसून टाक. डिस्को गाण्यांवर मी अर्ध्या तालुक्यातली पोरं नाचताना पाहिलेली आहेत. आज ती पन्नाशी-साठीत आहेत आणि तुझ्या ओट्यावर तीच यायची आहेत.

यंत्राबद्दल थोडंसं. जुनं ध्वनिमुद्रण बारीक वाजतं, नवं मोठ्यानं वाजतं. घरी एकदा सगळी गाणी ओळीनं लावून कोणत्याला आवाज किती ते कागदावर लिहून ठेव, नाही तर वसंतरावांनंतर नवं गाणं लागलं की म्हाताऱ्या कानावर हात ठेवतील. भोंगा वापरू नकोस. भोंग्यातून शहनाई आणि माणसाचा चढा आवाज दूर जातो, तबल्याचा घुमारा मात्र त्यात येतच नाही. ओट्यासाठी साधे डब्याचे दोन स्पीकर पुरे. गाण्यांच्या फायलींना पुढे ०१, ०२ असे आकडे दे म्हणजे क्रम बिघडत नाही, आणि फायलीच्या नावातली वेबसाइटची जाहिरात खोडून तिथे गाणाऱ्याचं, चाल देणाऱ्याचं, शब्द लिहिणाऱ्याचं नाव घाल. रात्री दहाला बंद. कायदाही तोच आहे, आणि सकाळी वेचणीला जायचं असतं.

लोक म्हणतील, "ताई, सगळं चिपमध्ये टाकून दे." देऊ नकोस. चिपभर गाणी देणं म्हणजे जेवायला बोलावून अंगणात ज्वारीचं पोतं ओतणं. ज्याला जे आवडलं त्याचं नाव कागदावर लिहून दे, शोधून ऐकेल. त्यात आणखी एक आहे: आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं चालतो, त्यामुळे नव्या गाण्यांच्या प्रती वाटत सुटणं तसंही बरोबर नाही.

बायांच्या गाण्यांचं मात्र उलट. ती शोधून कुठे मिळणार? भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई बसायची, पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणायच्या आणि शेवटी खिरापत ओळखायच्या. तुझ्या आजीला त्यातली किती येतात, विचारलंस कधी? पोळ्याच्या झडत्या म्हणणारे दोन-तीन म्हातारे उरलेत. बंजाऱ्यांच्या तांड्यावर होळीला म्हणायच्या लेंग्या आहेत, त्या तर तुझ्या मैत्रिणीच्या घरातच आहेत. मोबाइलवर घे. घेताना पंखा बंद कर, मोबाइल हातात न धरता उशीवर ठेव, आणि सुरुवातीला म्हणणारीचं नाव, गाव, तारीख आणि हे गाणं कधी म्हणतात ते तिच्याच तोंडून वदवून घे. झालं की तिथेच तिला परत ऐकव. मडी वॉटर्सला ऐकवलं होतं तसं. ऐकताना ती हमखास म्हणते, "थांब, एक कडवं रायलं." ते राहिलेलं कडवं मिळतं ते फक्त असंच. आणि तिला विचारल्याशिवाय ते कोणत्याही ग्रुपवर टाकायचं नाही. काही ओव्यांत सासूचं नाव असतं, दिराचं असतं. ओट्यावर ऐकवायला ती हो म्हणेल, पण मोबाइलवर गावभर फिरायला म्हणेलच असं नाही. दोन्ही वेगवेगळं विचार.

कुणी मधेच उठून गेलं तर वाईट वाटून घेऊ नकोस, गाय दोहायची असेल. कुणी "हे काय लावलं" म्हटलं तर समजावत बसू नकोस, पुढचं लाव. मात्र ज्यानं असं म्हटलं त्याला जाताना गाठ आणि पुढच्या रविवारी एक गाणं घेऊन यायला सांग. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून निम्मी गाणी लोकांची असू दे. माझी पेटी अशीच भरली आहे. पंजाबी टप्पे एका ट्रकवाल्यानं दिले, टायर फुटून आमच्या दारात दोन दिवस अडकला होता. तेलुगू गाणी पांढरकवड्याकडे पूल बांधायला आलेल्या मजुरांची. लेंग्यांची कॅसेट तांड्यावरच्या नायकानं स्वतः भरून दिलेली, मधे बकरीचा आवाज आहे. तू म्हणतेस माझा संग्रह फार तऱ्हेवाईक आहे. एकट्याच्या आवडीवर तो इतका तऱ्हेवाईक झालाच नसता.

सुधारलेली यादी पाठव, पण फक्त पहिल्या रविवारची. पुढच्याची आत्ता करू नकोस, पहिल्या रविवारी कोण आलं ते बघून कर. मशीन आणि डब्याचे दोन्ही स्पीकर माझ्याकडून घेऊन जा. डावीकडच्या स्पीकरची वायर ढिली आहे, ती आधी दुकानातून डाग लावून घे. पहिल्या दोन बैठकांना मी येणार नाही. मी बसलो की लोक माझ्याकडे बघून मान डोलावतात, त्यांना काय आवडलं ते तुला कळायचं नाही. तिसऱ्याला येतो. एक गाणं माझं धर, कोणतं ते तिथेच सांगेन.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
काका